रेटिंगची लॉजिक कोडी

रेटिंगचं कोडं हा लॉजिक पझलचाच एक प्रकार आहे. काही ग्राहकांनी एखाद्या वस्तूला नाहीतर सर्व्हिसला स्टार दिलेले असतात, बहुतेक वेळा १ ते ५ मधे आणि पूर्ण आकड्यात, पण कोणी किती दिले ते सांगत नाहीत, फक्त सरासरी एवढी, याचे त्याच्यापेक्षा जास्त, दोघांचे सारखे असे तुटक क्लू देतात आणि तेवढ्यावरून सगळा तक्ता भरायचा असतो. इथे अंदाज चालत नाही. निगमन तर्काने जावं लागतं, म्हणजे दिलेल्या गोष्टी खऱ्या धरल्या तर पुढची गोष्ट खरी असलीच पाहिजे, दुसरा पर्यायच उरत नाही, अशा पायऱ्या चढत जायचं. अ‍ॅरिस्टॉटलपासून तर्कशास्त्रात हेच शिकवतात, कोड्यात फक्त त्याला टिक आणि फुल्यांचं रूप येतं.

या घराण्यातलं सगळ्यात गाजलेलं कोडं म्हणजे पाच घरं आणि झेब्र्याचं, ते डिसेंबर १९६२ मधे लाईफ इंटरनॅशनल मासिकात छापून आलं होतं. ते आईनस्टाईनने लहानपणी केलं असं सर्रास फॉरवर्ड होतं पण त्याला काही पुरावा नाही. पाच पर्यायांची मोजपट्टी त्याहून जुनी, १९३२ मधे रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांची मतं मोजायला तशी पद्धत मांडली आणि आजचे पाच स्टार तिचेच दूरचे नातेवाईक म्हणता येतील.

झेब्र्याच्या कोड्यात रंग, प्राणी, पेय या नुसत्या पाट्या असतात आणि प्रत्येक पाटी एकदाच वापरायची असते. रेटिंगचं तसं नसतं, इथे आकड्यांना क्रम असतो, बेरीज होते, एकच आकडा दोघातिघांना येऊ शकतो आणि वर ५ ची भिंत, खाली १ ची. खरी चावी या भिंतीतच आहे असं माझं मत आहे. पाच जणांची सरासरी ४.८ असेल तर बेरीज २४, म्हणजे चार जणांचे ५ आणि एकाचे ४, संपलं, दुसरं काही होऊच शकत नाही. पण सरासरी ३ असेल तर बेरीज १५ आणि ती १२ वेगवेगळ्या प्रकारे जमते, म्हणजे जवळपास काहीच कळलं नाही. म्हणून सोडवताना पहिल्या क्लूपासून ओळीने जायची सवय मोडावी आणि जो आकडा भिंतीला टेकलाय त्याला आधी धरावं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. अ, ब, क, ड, ई या पाच ग्राहकांनी १ ते ५ मधे रेटिंग दिलं. सरासरी ३.४, मिडियन ४ आणि मोड फक्त ५. शिवाय अ चं रेटिंग ब पेक्षा बरोबर एकने जास्त, आणि क चं ब पेक्षा जास्त पण ड पेक्षा कमी.

सरासरी आली की पहिल्यांदा तिची बेरीज करून टाकायची, ३.४ गुणिले ५ म्हणजे १७. नुसत्या १७ ला ११ शक्यता आहेत. मिडियन ४ म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा ४, यात ११ च्या ५ उरतात. आता मोड, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, तो एकटा ५ आहे, मग ५ निदान दोनदा तरी यायला हवा आणि मधल्या ४ च्या वर दोनच जागा आहेत, त्यामुळे तिथे ५ आणि ५ बसले. ४, ५, ५ मिळून १४, उरले ३, ते दोघांत वाटायचे तर १ आणि २ शिवाय मार्ग नाही. आकडे मिळाले: १, २, ४, ५, ५.

आता कोणाचा कुठला. एकचा फरक दोनच जोड्यांत आहे, २ आणि १ नाहीतर ५ आणि ४. समजा अ ५ आणि ब ४ आहे, मग क ला ब पेक्षा जास्त हवेत म्हणजे ५, आणि ड ला त्याहून जास्त, तिथे भिंत लागली, ६ स्टार नसतातच. ही केस कटली. मग अ चे २, ब चा १, उरलेल्या ४, ५, ५ मधे क ला ड पेक्षा कमी हवेत म्हणून क चे ४, ड आणि ई चे ५. कुठेही नशिबावर सोडलेलं नाही, एक गोष्ट तात्पुरती खरी धरली ती सुद्धा खोटी ठरवायलाच.

मोठ्या कोड्यात ग्राहक एका बाजूला आणि सर्व्हिसेस दुसऱ्या बाजूला असा ग्रिड असतो, आडव्या ओळींच्या बेरजा आणि उभ्या रकान्यांच्या बेरजा वेगळ्या दिलेल्या असतात. सगळ्या ओळींची बेरीज आणि सगळ्या रकान्यांची बेरीज सारखीच यायला हवी, त्यामुळे एखादा आकडा दिलेला नसेल तर तो बऱ्याचदा इथेच फुकट मिळतो.

लोक अडकतात ते गणितात कमी आणि वाचण्यात जास्त. सगळ्यांचे रेटिंग वेगळे असं कुठेही म्हटलेलं नसताना ते गृहीत धरतात, "निदान दोघांनी" याचं "दोघांनीच" करून टाकतात, आणि "ज्यांनी ५ दिले ते सगळे जुने ग्राहक" यावरून जुन्या ग्राहकांनी ५ च दिले असं उलटं वाचतात, जे मुळीच निघत नाही.

अ‍ॅपवर दिसणाऱ्या खऱ्या रेटिंगवरही हा तर्क थोडासा चालतो, फक्त तिथे सरासरी एका दशांशापर्यंत राउंड केलेली असते हे लक्षात ठेवायचं. ४.३ दिसतंय तर ते तीनच लोकांचं सुद्धा असू शकतं, १३ भागिले ३ म्हणजे ४.३३, पण एकाचं किंवा दोघांचं असू शकत नाही. ४.९ दिसायला मात्र कमीत कमी सात जण लागतात, कारण सहा जणांत एकानेही एक स्टार कमी दिला तर सरासरी ४.८३ वर येते आणि ४.८ दिसतं. त्या लोकांनी तसे स्टार का दिले हे यातून कळणार नाही.

कोडं बनवणाऱ्याचं काम उलट दिशेने चालतं: आधी उत्तर ठरवायचं, मग क्लू लिहायचे आणि मग एकेक क्लू काढून बघायचं की उत्तर अजून एकच राहतंय का. राहत असेल तर तो क्लू फालतू. वरच्या कोड्यात "क चं ब पेक्षा जास्त" एवढा तुकडा काढला तर ५ आणि ४ वाली केस परत जिवंत होते आणि एकाऐवजी ४ उत्तरं निघतात.