एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड : संशोधनाचे बदलते प्रवाह

दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) बसवून जठराच्या किंवा लहान आतड्याच्या आतून शेजारचे अवयव पाहण्याची तपासणी. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ईयूएस’. सोलापुरात पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडला की कधी कधी एक ओळ आढळते : गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यापुढे आडवे असते आणि मधली हवा ध्वनिलहरींना अडवते. प्रोब जठरात उतरवला की मध्ये उरते ती काही मिलिमीटरची भिंत. एवढ्या जवळून पाहायचे असल्याने साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्‌झच्या लहरी चालतात. त्या फार खोल जात नाहीत, पण चित्र बारीक देतात.

या तंत्राचे पहिले निबंध १९८० सालचे, अमेरिका आणि जर्मनीतले. सुरुवातीच्या लेखनाचा भर पाहण्यावर होता : जठराच्या भिंतीचे पाच थर कसे ओळखायचे, कर्करोग त्यातल्या कितव्या थरापर्यंत पोचला आहे. १९९२ मध्ये डेन्मार्कचे पीटर विल्मन यांनी याच मार्गाने स्वादुपिंडात सुई घालून पेशी काढल्याचे प्रसिद्ध केले आणि संशोधनाची दिशाच बदलली. गाठ नुसती दिसून भागत नाही, ती कशाची आहे हे कळावे लागते. पुढे उपचार आले. २००१ मध्ये फ्रान्सच्या जिओव्हानिनी यांनी लहान आतड्यातून पित्तनलिकेत वाट काढून तुंबलेले पित्त वळवले. इलास्टोग्राफी (गाठ किती कडक आहे हे दाखवणारी पद्धत), कॉन्ट्रास्ट (शिरेतून देऊन रक्तप्रवाह ठळक करणारे द्रव्य) आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरही भरपूर लिहिले जात आहे.

सोलापूरसारख्या शहराच्या दृष्टीने मोलाचा अभ्यास मात्र वेगळाच आहे. सुईने काढलेला नमुना पुरेसा आहे का, हे पाहायला पॅथॉलॉजिस्टने, म्हणजे पेशी तपासणाऱ्या डॉक्टरने, तपासणीच्या खोलीतच सूक्ष्मदर्शक घेऊन बसावे, असा आग्रह असे. सगळीकडे हे जमत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वादुपिंडात गाठ असलेल्या ८०० रुग्णांच्या चाचणीत बायोप्सीची नवी सुई वापरल्यावर पॅथॉलॉजिस्ट हजर असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत निदानाची अचूकता ९६ टक्क्यांच्या वर राहिली. अर्थात, तिथले हात सरावलेले होते. हा निष्कर्ष नवख्या केंद्राला जसाच्या तसा लावू नये. तरीही अक्कलकोट, मंगळवेढा किंवा सीमेपलीकडच्या इंडीहून मजुरी बुडवून आलेल्या माणसाला ‘नमुना कमी पडला, परत या’ असे सांगावे लागणार नाही, याची शक्यता अशा कामाने वाढते.

भारतीय निबंधांत क्षयरोगाला मोठी जागा आहे, आणि ती योग्यच आहे. छातीतल्या किंवा पोटातल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) सुजल्या तर ती सूज क्षयाची की कर्करोगाची, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. स्वादुपिंडाचा क्षय विरळा, पण तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो. यातला क्षय गोळ्यांनी बरा होणारा. म्हणून तिथे सुईचा नमुना घेतल्याशिवाय मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय होऊ नये.

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आज डॉ. वैशंपायन यांच्या नावाने ओळखले जाते. एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. गॅसमुळे किती जणांची सोनोग्राफी अपुरी राहिली, पुढची तपासणी त्यांना कुठल्या गावी मिळाली आणि पक्के निदान व्हायला किती दिवस गेले, हा इथल्या केसपेपरांवरूनच उलगडता येईल असा प्रबंधाचा विषय आहे.