हाताचा कंप, कॅसेट आणि सॉफ्टवेअर

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या दिवशी जिवंत नागांची मिरवणूक निघायची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर ती थांबली. त्यामुळे शूटिंगवाल्यांनी आणि हौशी माणसांनी त्या काळी भरलेल्या कॅसेटी आता नुसत्या घरगुती राहिलेल्या नाहीत. २००५ आणि २०१९ च्या महापुरांआधीच्या सांगलीतल्या गल्ल्या, कृष्णेचा घाट, दारातला लग्नाचा मांडव, हे सगळं अशाच कॅसेटींत आहे. पण त्या डिजिटल करून घेतल्या तरी चित्र इतकं हलत असतं की पाच मिनिटंसुद्धा सलग बघवत नाही. ही दृश्यं सॉफ्टवेअरने बरीच सावरता येतात. मात्र फोनमधलं आजचं तंत्र इथे उपयोगी पडत नाही. जुन्या कॅसेटींना जुनीच वाट धरावी लागते, आणि ती कशी तयार झाली हे माहीत असलं तर हाताशी आलेलं चित्रीकरण बिघडत नाही.

हलण्याचं मूळ कॅमेऱ्याच्या वजनात आहे. व्हीएचएस म्हणजे जुन्या मोठ्या व्हिडिओ कॅसेटीचा कॅमकॉर्डर खांद्यावर टेकायचा. तो जड असल्याने हाताचा बारीक कंप त्यात फारसा उतरायचा नाही, दिसायचे ते चालतानाचे हेलकावे. १९८५ मध्ये सोनीचा लहान कॅसेटीचा व्हिडिओ-८ आला, १९९५ पासून डिजिटल कॅसेटीचा मिनी-डीव्ही आला आणि कॅमेरा तळहातावर मावू लागला. सोबत झूमही वाढत गेला. झूम दसपट केला की हाताचा कंपही पडद्यावर दसपट दिसतो. गर्दीच्या मागून हात उंच करून, झूम ताणून घेतलेली मिरवणूक नाचते ती यामुळे.

यावरचे पहिले उपाय कॅमेऱ्याच्या बाजूने झाले. गॅरेट ब्राउन यांनी सत्तरच्या दशकात स्टेडिकॅम, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर ठेवणारा अंगावर बांधायचा सांगाडा, बनवला, तो सिनेमावाल्यांनाच परवडणारा. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण नंतर आलं. पण एकदा टेपवर उतरलेल्या हादऱ्याला यातलं काहीच लागू पडत नव्हतं.

त्यासाठी लागणारं गणित १९८१ सालचं आहे. ब्रूस ल्यूकस आणि ताकेओ कानाडे यांनी एका चित्रातला तुकडा दुसऱ्या चित्रात कुठे सरकला हे शोधण्याची रीत मांडली. त्याच वर्षी मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी चुकीच्या मोजमापांच्या गर्दीतून खरं मोजमाप वेगळं काढण्याची रीत दिली. दोन्ही कामं संगणकाला दृष्टी देण्यासाठी झाली होती, घरगुती व्हिडिओसाठी नव्हे. तरी मिरवणुकीच्या चित्रीकरणाला दुसऱ्या रीतीचा मोठा आधार आहे. माणसं, बैल, झेंडे आपापल्या दिशेने हलत असतात. कॅमेरा किती हलला हे ठरवताना त्यांना वगळून भिंती आणि झाडांवर भरवसा ठेवावा लागतो.

हौशी माणसाच्या संगणकावर हे काम आणलं ते गुन्नार थालिन यांच्या डीशेकरने. व्हर्च्युअलडब या मोफत प्रोग्रॅमला जोडायचं हे फिल्टर दोन फेऱ्यांत चालतं. पहिल्या फेरीत ते प्रत्येक फ्रेम किती सरकली, किती फिरली हे मोजून फाइलमध्ये लिहून ठेवतं. दुसऱ्या फेरीत त्या नोंदींवरून कॅमेऱ्याचा मार्ग गुळगुळीत करून फ्रेम उलट दिशेने सरकवतं. जॉर्ज मार्टियस यांची विडस्टॅब ही लायब्ररीही, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा कोडचा संचही, अशाच दोन फेऱ्यांची. ती पुढे एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये आली. मला आजही कॅसेटींसाठी हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण मधल्या नोंदी तपासून दुसरी फेरी हवी तितक्यांदा नव्याने करता येते.

जुन्या कॅसेटीच्या अडचणी मात्र वेगळ्या. आपल्याकडची पाल ही टीव्ही-व्हिडिओची पद्धत सेकंदाला २५ फ्रेम दाखवते, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची असते आणि कॅमकॉर्डरमध्ये ती दोन वेगळ्या क्षणी टिपलेली असतात. ही फील्ड आधी एकमेकांपासून वेगळी केली नाहीत तर कडा करवतीसारख्या दातेरी होतात. व्हीएचएसच्या तळाशी गोंधळाची एक पट्टी असते, ती मोजणीतून वगळावी लागते. कोपऱ्यात छापलेली तारीख तर सॉफ्टवेअरला हमखास फसवते. चित्र हलतं पण तारीख हलत नाही, म्हणून चित्र स्थिर झालं की तारीख थरथरू लागते. शिवाय मांडवातल्या कमी उजेडात हादऱ्याने फ्रेम पुसट झालेली असेल तर ती पुसटच राहते, आणि आजूबाजूचं स्थिर झाल्याने जास्त डोळ्यांवर येते.

२०११ मध्ये दोन मोठ्या गोष्टी घडल्या. अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये चित्र स्थिर करणारा वार्प स्टॅबिलायझर आला. मथियास ग्रुंडमान, विवेक क्वात्रा आणि इरफान एसा यांनी कॅमेऱ्याचा मार्ग स्थिर, एकसारखा सरकणारा आणि हळूहळू वेग बदलणारा अशा तुकड्यांतून नव्याने आखण्याची पद्धत मांडली. निष्णात कॅमेरामन कॅमेरा असाच फिरवतो. ही पद्धत यूट्यूबवर सर्वांना वापरायला मिळाली.

पद्धत कुठलीही असो, फ्रेम सरकवल्यावर कडा रिकाम्या पडतात. मग चित्र मोठं करून कडा कापायच्या, किंवा मागच्या-पुढच्या फ्रेममधून त्या भरायच्या. पहिल्यात कडेची माणसं जातात, दुसऱ्यात तिथे नसलेलं काही दिसू शकतं. म्हणून स्थिर केलेली प्रत बघण्यासाठी वेगळी करावी आणि कॅसेटीवरून उतरवलेली मूळ फाइल तशीच ठेवावी.

त्यानंतरची प्रगती जायरोस्कोपवर, म्हणजे यंत्र किती फिरलं हे मोजणाऱ्या सेन्सरवर उभी आहे. २०१० च्या आयफोन ४ मध्ये तो आला. पुढे फोन आणि ॲक्शन कॅमेरे आपण किती हललो याची नोंद चित्राबरोबरच ठेवू लागले. कॅसेटीवर अशी नोंद नसते. तिथे हादरा चित्रातूनच वाचून काढावा लागतो.