बॅडमिंटन हॉर्स ट्रायल्स

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात बॅडमिंटन हाउस या ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या वाड्याभोवतालच्या कुरणात दर वर्षी, बहुधा मे महिन्यात, भरणारी, घोडेस्वारीतील इव्हेंटिंग या प्रकाराची स्पर्धा. इव्हेंटिंगमध्ये सर्वोच्च, म्हणजे पंचतारांकित दर्जाच्या स्पर्धा जगात मोजक्याच आहेत. त्यांत ही सर्वांत जुनी. एकच घोडा आणि एकच स्वार ड्रेसाज (ठरवून दिलेल्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातील भक्कम अडथळ्यांवरून दौड) व शो-जंपिंग (रिंगणात पडू शकणाऱ्या दांड्यांवरून उड्या) अशा तीन परीक्षा देतात आणि तिन्हींतील दंडगुणांची बेरीज ज्यांची सर्वांत कमी, ती जोडी जिंकते. ‘तीन दिवसांची स्पर्धा’ ही इव्हेंटिंगची ओळख या तीन परीक्षांमुळे टिकून आहे. प्रत्यक्षात घोडे बरेच असल्याने सर्वसाधारणपणे ड्रेसाजला गुरुवार-शुक्रवार असे दोन दिवस लागतात, शनिवारी क्रॉस-कंट्री होते आणि रविवारी शो-जंपिंग. फुलाच्या बॅडमिंटनचे नावही याच वाड्यावरून पडले. त्या खेळाचे सुरुवातीचे नियम मात्र १८७० च्या दशकात पुण्यातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांमध्ये आकाराला आले.

इव्हेंटिंगचा उगम घोडदळात आहे. संचलनात शिस्त, मोहिमेत दम आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभे राहण्याची ताकद, हे तिन्ही एकाच घोड्यात आहे की नाही हे पाहण्याची ही लष्करी चाचणी होती. ती १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही चाचणी ऑल्डरशॉट येथे झाली आणि त्यात यजमान ब्रिटन मागे पडला. ते पाहून दहावे ड्यूक हेन्री सॉमरसेट यांनी ब्रिटिश स्वारांच्या सरावासाठी आपले कुरण देऊ केले. १९४९ मध्ये पहिली स्पर्धा झाली. ब्रिटन आणि आयर्लंडचे मिळून २२ घोडे उतरले आणि गोल्डन विलो या घोड्यावर जॉन शेडन जिंकले. १९५३ मध्ये पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा येथेच भरली. १९५५ मध्ये स्पर्धा विंडसरला हलवली होती. १९५६ मध्ये ब्रिटिश संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. ज्या कामासाठी कुरण दिले होते, ते सात वर्षांत झाले.

बॅडमिंटनचे खरे मोठेपण मात्र स्त्रियांना दिलेल्या संधीत आहे. ऑलिंपिक इव्हेंटिंगमध्ये स्त्रियांना १९६४ पर्यंत बंदी होती. येथे मार्गारेट हफ यांनी बँबीवर १९५४ मध्येच विजेतेपद घेतले, तर शीला विलकॉक्स यांनी १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे ते राखले. त्या वेळी घोड्यावर खोगिरासह किमान ७५ किलो वजन असावे असा नियम होता, त्यामुळे हलक्या स्वारांना खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या ठेवाव्या लागत. हे मृत वजन स्वाराप्रमाणे पुढे-मागे होत नाही, म्हणून उडीत ते घोड्याला अधिक जाचते. १९९० च्या दशकात हा नियम गेला. ल्युसिंडा ग्रीन (पूर्वाश्रमीच्या प्रायर-पामर) यांनी १९७३ ते १९८४ या काळात सहा वेळा आणि सहाही वेळा वेगळ्या घोड्यावर ही स्पर्धा जिंकली. हा विक्रम अजून अबाधित आहे.

जुन्या पद्धतीत क्रॉस-कंट्रीचा दिवस चार टप्प्यांचा असे: रस्त्यांवरून दुडकी, मग स्टीपलचेसची, म्हणजे कुंपणे ओलांडत भरधाव दौड, पुन्हा रस्ते, दहा मिनिटांची विश्रांती व पशुवैद्यकीय तपासणी, आणि शेवटी खरे क्रॉस-कंट्री. लागणारी जागा, खर्च आणि घोड्यांवरचा ताण यांमुळे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिले तीन टप्पे वगळले गेले. बॅडमिंटनने २००६ पासून ते सोडले. दमाचे महत्त्व त्याने घटले, ड्रेसाजचे वाढले. जुन्या जाणकारांची ही तक्रार रास्त आहे. तरी येथील क्रॉस-कंट्री आजही ड्रेसाजनंतरचा क्रम उलटापालटा करते.

हिशेब असा. ड्रेसाजमध्ये ७२ टक्के मिळाले तर २८ दंडगुण. क्रॉस-कंट्रीत अपेक्षित वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे साडेअकरा मिनिटांत सुमारे साडेसहा किलोमीटर. उशिराच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ गुण. घोडा अडला तर २०, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर ४०. स्वार किंवा घोडा पडला की स्पर्धा संपली. शो-जंपिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक दांडीला ४, म्हणजे दहा सेकंदांच्या उशिराएवढे. अवघड अडथळ्याला बहुतेक ठिकाणी लांबची सोपी वाटही ठेवतात. तिने दहा सेकंद गेले तर चार गुण जातात, सरळ जाताना घोडा अडला तर वीस. ज्या घोड्याची डावी-उजवी वळणे सारखी नाहीत, त्याच्या स्वाराने हा हिशेब आदल्या दिवशी मार्ग पायी फिरतानाच करायचा असतो.

भक्कम अडथळ्यांची उंची १.२० मीटरपर्यंतच असते. झुडपी वरचा भाग धरून १.४५. उंचीपेक्षा कोन, उतार आणि जमीन घात करतात. तळ्याच्या अडथळ्यात घोडा पाण्यात उतरताच पाण्याच्या ओढीने त्याचा वेग तुटतो आणि पुढे झुकलेला स्वार मानेवरून घसरतो. त्याहून वाईट म्हणजे घोड्याचे पुढचे पाय गुडघ्यांवर अडकणे. मग मागचा भाग उलटून घोडा स्वारावर येतो. म्हणून आता ठरावीक अडथळ्यांना जोराचा धक्का बसताच सुटून अडथळा खाली सोडणाऱ्या पिना असतात. पीन सुटली तर ११ दंडगुण.

चिखलात प्रत्येक झेपेला जास्त बळ लागते. शेवटच्या दोन मिनिटांत दमलेला घोडा पाय नीट दुमडत नाही, म्हणून सुरुवातीलाच वेळ गाठायला पळवणे महागात पडते. नालांना स्क्रूने स्टड (जमिनीत पकड घेणारे खुंट) बसवतात; कोरड्या जमिनीसाठी लहान-टोकदार, ओल्यासाठी मोठे. रविवारी सकाळी घोड्याला कठीण जमिनीवर दुडकीने चालवून पाहतात. लंगडला तर शनिवारची सर्व कमाई व्यर्थ.

फ्रँक वेल्डन यांनी १९५५ आणि १९५६ मध्ये किलबॅरीवर स्पर्धा जिंकली आणि पुढे संचालक व मार्गरचनाकार म्हणून तिला घडवले. घोड्याला अडथळा स्पष्ट दिसावा आणि स्वाराला धडकी भरावी, अशी त्यांची रचना असे. १९७५ मध्ये पावसामुळे ड्रेसाजनंतर स्पर्धा सोडावी लागली. १९६६, १९८७ आणि २०१२ मध्येही हवामानाने ती रद्द झाली, २००१ मध्ये जनावरांच्या लाळ-खुरकत साथीने आणि २०२०, २०२१ मध्ये कोविडने. २०१५ मध्ये चिली मॉर्निंग हा विजेतेपद मिळवणारा पहिला वळू घोडा ठरला. रॉझ कँटर यांनी लॉर्डशिप्स ग्रॅफॅलो या एकाच घोड्यावर २०२३ आणि २०२५ अशी दोन विजेतेपदे घेतली.