विणकाम आणि क्रोशा: उघडे टाके किती?

लोकलच्या डब्यात पिशवीतून लोकर काढली की शेजारच्या बाई विचारतात, "स्वेटर विणताय का?" माझ्या हातात एकच सुई असते, टोकाला आकडा असलेली, आणि होत असतं बाळाचं पांघरूण. ते विणकाम नसतं, क्रोशा असतो. पण आपल्याकडे लोकर दिसली की सगळंच विणकाम. गैरसमज समजण्यासारखा आहे. दोन्हींत एकच सलग धागा, दोन्हींत फासातून फास ओढायचा. तरीही मी दोन्ही बरीच वर्षं करते आहे आणि मला ही दोन वेगळी माणसं वाटतात. हातात वेगळी आणि मनावर होणाऱ्या परिणामातही वेगळी.

फरक ओळखायचा तर सुयांची संख्या नका मोजू. काम चालू असताना किती फास उघडे आहेत, ते बघा.

दोन सुयांच्या विणकामात पूर्ण रुंदीचे टाके सुईवर उघडे असतात. ऐंशी टाके घातले असतील तर ऐंशीच्या ऐंशी. पुढची ओळ त्यांच्यातून गेली की ते बंद होतात आणि नवे ऐंशी उघडतात. म्हणून जुन्या विणणाऱ्या बायका ओळ म्हणतच नाहीत, "एक सुई सुलट, एक सुई उलट" असं सांगतात. यातला एक टाका सुईवरून घसरला तर तो खालच्या टाक्याला सोडतो, तो त्याच्या खालच्याला, आणि कापडात शिडी पडत जाते. क्रोशात मात्र कुठल्याही क्षणी बहुधा एकच फास उघडा असतो, सुईच्या आकड्यावरचा. मागचं सगळं तिथल्या तिथे बंद झालेलं. सुई निसटली तरी एक फास सैल होतो, बस्स. तो पकडून पुढे चालू.

बाकीचे बहुतेक फरक यातूनच येतात. उघड्या टाक्यांच्या रांगा एकमेकींत अडकून बनलेलं कापड ताणलं जातं आणि परत जागेवर येतं, म्हणून मोजे, कानटोपी, स्वेटर सुयांवर. अंगातला टी-शर्ट डोळ्यांजवळ धरून बघा, इंग्रजी व्हीसारख्या बारीक खुणांच्या उभ्या रांगा दिसतील. ते यंत्रावरचं विणकामच आहे. क्रोशात धागा प्रत्येक टाक्यात स्वतःभोवती फिरतो. कापड जाड होतं, फारसं ताणलं जात नाही, लोकरही जास्त खातं. पण दिशेचं बंधन नसतं. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब एवढे चार प्रकारचे टाके आले की गोल, चौकोन, फूल, हत्तीची सोंड, काहीही उभं राहतं. सध्या मुली फोनवर बघून ज्या जपानी पद्धतीच्या छोट्या बाहुल्या करतात, त्या जवळजवळ सगळ्या गोल गोल फिरवलेल्या मुक्या खांबांच्या असतात.

यंत्राची गोष्टही इथे आली पाहिजे. पायमोजे विणणारं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी 1589 मध्ये बनवलं, आणि हातविणकामाच्या पोटावर पाय यायला तेव्हापासूनच सुरुवात झाली. हातचा क्रोशा हुबेहूब करणारं यंत्र कारखान्यांत आजही नाही. तसं दिसणारं कापड यंत्र काढतं, पण खांबावर खांब रचलेला खरा क्रोशा कुठल्याही दुकानात दिसला तर तो कुणीतरी हातानेच केलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी रुजवलेल्या क्रोशा लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. क्रोशाची वस्तू शंभर-दोनशे रुपयांना मिळाली की मी खूश होत नाही. त्यात गेलेले तास मला मोजता येतात.

आपल्या घरांत क्रोशा जास्त दिसतो आणि सुया कमी, याचं कारण मला तरी हवेत दिसतं. कोकणात आणि मुंबईत स्वेटर घालायचा कधी? पण सुती दोऱ्याचा क्रोशा बारा महिने चालतो. माठावरचा मणी लावलेला रुमाल, ताटावरचं झाकण, दाराचं तोरण आणि रुखवतात मांडलेली महिरप. घाटावरच्या घरांत थंडीमुळे सुयाही असायच्या, निदान नव्या बाळाच्या टोपड्या-मोज्यांपुरत्या.

आता शांततेबद्दल, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

सगळे म्हणतात की अशा कामाने मन शांत होतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांना विचारलं होतं. जितकं वारंवार विणकाम, तितकं शांत आणि आनंदी वाटणं, असा संबंध त्यात दिसला. क्रोशाच्या नंतरच्या एका पाहणीत 8,391 जणांनी उत्तरं दिली, आणि त्यातल्या 89.5 टक्क्यांनी क्रोशाने अधिक शांत वाटतं असं सांगितलं. अर्थात ज्यांना आधीच आवडतं त्यांनाच विचारलेलं आहे. त्यामुळे हे औषध आहे असं यावरून कुणी समजू नये. पण माझा अनुभव या आकड्यांच्या बाजूने आहे. फक्त दोन्ही पाहण्या "शांत" हा एकच शब्द वापरतात, आणि माझ्या मते इथे दोन शांतता आहेत.

सुयांची शांतता जपासारखी आहे. साधं सुलट-उलट हातात बसलं की बघावं लागत नाही. दोन्ही हात सारखं काम करतात, टाका डावीकडून उजवीकडे सरकतो, सुयांचा बारीक आवाज येत राहतो. गप्पा मारता येतात, रेडिओ ऐकता येतो. दिवस संपलाय, अंग थकलंय, पण मनात काही टोचत नाही, अशा वेळी मला सुया हव्या असतात.

मन गढूळ असेल तेव्हा मात्र सुया मला उपयोगी पडत नाहीत. हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं सुटून पुन्हा त्याच विचारावर जाऊन बसतं. तिथे क्रोशा. सुई नेमक्या कुठल्या टाक्यात घालायची हे दर वेळी बघावं लागतं, खांब मोजावे लागतात, म्हणजे डोळे आणि मोजणारं मन दोन्ही बांधलेले. आईचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर मी सहा खांबांच्या फुलांशिवाय काही करू शकले नसते. नाव पुकारलं की उठायचं, फास थोडा मोठा ओढून ठेवायचा, परत येऊन तिथूनच पुढे. ऐंशी उघडे टाके घेऊन त्या बाकावर बसायची माझी हिंमत नव्हती.

सुयांनी मला आणखी एक सवय दिली, लिहिण्याची. नमुन्याचं विणकाम असेल तर कितवी सुई झाली हे टिपावंच लागतं. मी त्यासाठी शाळेची जुनी वही ठेवली. "सुई 46, पाऊस" असं काहीतरी आकड्याशेजारी पडू लागलं, मग एक ओळ, मग अर्धं पान. रोजनिशी लिहायची म्हणून बसले असते तर मी कधीच लिहिलं नसतं. क्रोशाच्या कामांची अशी वही माझ्याकडे नाही, कारण तिथे झालेलं काम स्वतःच मोजता येतं.

कुठून सुरुवात करू असं विचारलंत तर आधी क्रोशा. चार मिलिमीटरची सुई आणि जाडसर, फिक्या रंगाची लोकर घ्या. काळ्या लोकरीत नवख्याला टाकाच दिसत नाही. पहिला चौकोन बहुधा वर अरुंद होत जाईल, कारण ओळीच्या टोकाचा टाका मोजायचा राहतो. माझाही राहिला होता. दर ओळीला टाके मोजा, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कडा सरळ येतील. पुढे सुयांकडे वळलात तरी आकड्याची सुई पिशवीत राहू द्या. सुईवरून घसरलेला टाका शिडीच्या तळापासून एकेक पायरी वर उचलून आणायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.