‘सवय तर लागणार नाही ना?’ : मॉर्फिनच्या भीतीमागचा इतिहास

कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू करायचं म्हटलं की घरचे डॉक्टरांना खोलीबाहेर गाठतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘सवय तर लागणार नाही ना?’ ही भीती अडाणीपणातून आलेली नाही. तिला तसा इतिहास आहे.

1805च्या सुमारास सर्ट्यूर्नर या तरुण जर्मन औषधनिर्मात्याने अफूतलं वेदना शमवणारं द्रव्य, म्हणजेच मॉर्फिन, वेगळं काढलं. 1850च्या दशकात इंजेक्शनची सुई आली. मॉर्फिन पोटात न जाता सुईवाटे गेलं तर व्यसन लागत नाही, असं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना वाटत होतं. घडलं उलटंच. 1898मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरचं औषध म्हणून मॉर्फिनपासून बनवलेलं हेरॉइन बाजारात आणलं, त्याचीही तीच गत झाली. पुढे कायदे कडक होत गेले. अमली पदार्थांवरच्या 1961च्या आंतरराष्ट्रीय करारात वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत असंही लिहिलेलं आहे, पण बहुतेक सरकारांनी त्यातला बंदोबस्तच तेवढा मनावर घेतला.

खरा घोळ वॉर्डात झाला. ‘दुखलं तरच द्या’ असा शिरस्ता होता. रुग्णाने कळ असह्य होईपर्यंत थांबायचं, मग मागायचं. इंजेक्शनने दोन-तीन तास बरे जात, पुढचं मात्र चार तासांनी. मधल्या वेळात त्याची नजर घड्याळावर खिळलेली. आणि तो असा वाट पाहतो, गयावया करतो, हाच व्यसनाचा पुरावा मानला गेला! माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स या डॉक्टरांनी 1958पासून सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये (मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत) आणि 1967पासून स्वतः उभारलेल्या सेंट क्रिस्टोफर्समध्ये हा क्रम उलटवला. कळ परतायच्या आत, ठरल्या वेळी, तोंडाने औषध. रुग्णांचं मागणं थांबलं. डोसही वाढतच जातो असं दिसलं नाही. 1986मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत जगापुढे ठेवली.

शरीराला औषध अंगवळणी पडणं वेगळं आणि व्यसन वेगळं. काही आठवडे मॉर्फिन घेणाऱ्या कुणाचंही औषध एकदम तोडलं तर घाम फुटतो, जुलाब होतात, जीव कासावीस होतो. म्हणून रेडिएशननंतर दुखणं ओसरलं की डोस हळूहळू उतरवतात. व्यसनात नुकसान दिसत असूनही ओढ सुटत नाही.

मात्र पुढे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 1980मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं: रुग्णालयात अशी औषधं मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याचं आढळलं. ही माणसं दाखल झालेली, देखरेखीखालची. पण 1996मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही मॉर्फिनच्याच जातीची वेदनाशामक गोळी आल्यावर अमेरिकेत या पत्राचा आधार कंबरदुखीसारख्या वर्षानुवर्षांच्या दुखण्यांसाठीही दिला गेला. त्यानंतर तिथे व्यसनाने आणि अतिसेवनाने जे मृत्यू झाले, त्यांनी जुनी भीती खरी करून दाखवली. ती पुन्हा कॅन्सरच्या रुग्णाच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

आधी व्यसन असलेल्यांच्या बाबतीत आणि कॅन्सरमधून बरे होऊनही वर्षानुवर्षं ही औषधं घेणाऱ्यांच्या बाबतीत सावध राहायलाच हवं. पण जगात बहुसंख्य रुग्णांपर्यंत मॉर्फिन पोचतच नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2017च्या हिशोबात जगभर वर्षाला वाटल्या जाणाऱ्या मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या (मॉर्फिनच्या मापात) 298.5 टनांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला आले होते 0.1 टन.