हवाई छत्री, संपूर्ण विमानाची

हलके विमान संकटात सापडल्यास आतल्या माणसांसह सबंध विमानच जमिनीवर उतरवणारी छत्री. वैमानिकाच्या पाठीवरील छत्रीहून ती वेगळी आहे. येथे कोणी बाहेर उडी घेत नाही. इंजिन बंद पडल्यावर तरंगत जाऊन एखादे मोकळे शेत गाठायचे, म्हणजेच सक्तीचे अवतरण करायचे, हा तिच्या आधीचा मार्ग असून तो आजही शिकवला जातो.

या कल्पनेचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत वैमानिक रॉस्को टर्नर यांनी अशा छत्रीचे प्रात्यक्षिक केल्याचे उल्लेख मिळतात. मात्र ते प्रयोगापुरतेच राहिले. आजच्या यंत्रणेचा उगम बोरिस पोपोव्ह यांच्यापाशी मानणे अधिक सयुक्तिक ठरते. १९७० च्या दशकाच्या मध्यास हँग ग्लायडर (माणूस लटकून उडतो ते बिनइंजिनाचे पंख) मोडून ते तळ्यात कोसळले व बचावले. पुढे १९८० मध्ये त्यांनी बॅलिस्टिक रिकव्हरी सिस्टिम्स ही अशा छत्र्या बनवणारी कंपनी काढली. छत्री रॉकेटने बाहेर खेचणे हे या यंत्रणेचे वैशिष्ट्य होय.

सिरस या अमेरिकी कंपनीच्या एसआर२० (१९९८) या हलक्या विमानात छत्री मुळापासूनच बसवलेली होती. गिरकीतून (स्पिन, म्हणजे गरगरत खाली कोसळणे) विमान सावरत नसल्याने ती बसवावी लागली, असे एक मत वारंवार मांडले जाते. ते अपुरे आहे. सिरसचे एक संस्थापक ॲलन क्लॅपमायर १९८५ मध्ये हवेतील टकरीतून वाचले होते आणि छत्रीचा आग्रह तेथून सुरू झाला. अमेरिकी प्रमाणपत्रासाठी गिरकीच्या नेहमीच्या चाचण्यांऐवजी छत्री ग्राह्य धरली गेली, एवढे मात्र खरे.

सिरसमध्ये आतून छताला लाल मूठ असते. आवरण काढून ती दोन्ही हातांनी, लोंबकळल्यासारखी, खाली ओढावी लागते. रॉकेट सुटते, विमानाच्या अंगात दडवलेले पट्टे वरचे कवच फाडत बाहेर येतात आणि छत्री टप्प्याटप्प्याने फुलते. त्यानंतर विमान वैमानिकाच्या हाती राहत नाही. वारा नेईल तिकडे ते जाते. उतरण्याचा वेग मिनिटाला सुमारे १,७०० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३१ किमी. असा आघात साधारण १२ फुटांवरून पडल्यासारखा असतो; तो चाके व आसने झेलतात.

सक्तीच्या अवतरणात जमिनीला टेकताना ताशी ११० किमीच्या आसपास वेग असू शकतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ती छत्रीखालील ऊर्जेच्या सुमारे तेरापट होते. लांब, सपाट शेत मिळाले तर ती घसरत जिरते. बांध, खड्डा वा झाड आडवे आले तर नाही. म्हणून रात्री, डोंगराळ मुलखात किंवा नियंत्रण सुटल्यावर छत्रीच श्रेयस्कर समजावी. आवाक्यात धावपट्टी असेल, तर अवतरणाला हरकत नाही.

खरा प्रश्न उंचीचा आहे. सरळ उड्डाणात छत्री फुलेपर्यंत सुमारे ४०० फूट खर्ची पडतात, गिरकीत ९०० हून अधिक. सिरसच्या प्रशिक्षणात साधारण ५००–६०० फुटांखाली समोरच उतरावे, तेथून २,००० फुटांपर्यंत लगेच मूठ ओढावी आणि त्यावर असल्यास आधी बिघाड तपासावा, असे सांगतात. इंजिन पुन्हा सुरू होईल या आशेवर घालवलेले सेकंद येथे घातक ठरतात. त्यामुळे धावपट्टी सोडण्यापूर्वीच या उंची मोठ्याने उच्चारण्याची सवय लावतात.

जर्मनीत अतिहलक्या विमानांना अशी यंत्रणा सक्तीची आहे. अपघातानंतर न सुटलेले रॉकेट मदतीस धावलेल्यांना धोक्याचे असते. त्यासाठी विमानाच्या अंगावर इशाऱ्याची पट्टी चिकटवलेली असते.