मेरेवरचं गिऱ्हाईक

जानेवारीत पेडणे-डिचोलीकडच्या एखाद्या आतल्या रस्त्यावर रविवारी सकाळी चार-पाच गाड्या कडेला लागलेल्या दिसल्या, तर हल्ली दर वेळी तिथे जत्राच असते असं नाही. कधी कधी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणीतरी प्लास्टिकच्या बादल्या मांडून बसलेलं असतं आणि पणजी-म्हापशाहून आलेली माणसं वाफ्यांत वाकून टोमॅटो तोडत असतात. स्वतः तोडा, वजन करा, पैसे द्या, घेऊन जा. मुलं फोटोंसाठी, मोठे चवीसाठी आणि आजी-आजोबा गाडीत बसून कंटाळण्यासाठी येतात.

हे फॅड बाहेरून आलं, असं म्हणणारे बरेच आहेत. ‘पिक युअर ओन’ हे पद्धतीचं नाव बाहेरचं आहे, यात वाद नाही. अमेरिकेत शेतात येऊन स्वतः फळं तोडून नेण्याची चाल १९३० च्या दशकातल्या महामंदीत रुजली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. तिची सुरुवात हौसेतून झाली नाही. मालाचे भाव इतके कोसळले होते की तोडणीची मजुरी आणि खोक्यांचा खर्चही निघेना. तेव्हा शेतकऱ्यांनी फाटक उघडलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, तुम्हीच या, तुम्हीच तोडा. पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि अडचणीतून निघालेली वाट सहलीची झाली. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर अशाच झुंबडी उडत. आपल्याकडे महाराष्ट्रात हुरडा पार्टी होतीच, पण तिथे माणूस खाऊन जातो, पिशवी भरून नेत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पर्यटकाला सोडायला लागले, तेव्हा पिशवीही आली. महाराष्ट्र सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आणलं, पण त्याआधी दीड दशक तरी बारामतीकडे शेतावर पाहुणे उतरत होते.

गोव्यात शेतीवर पर्यटक आधी आला तो कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागायतीत. सावई-वेरें, केरी, कुर्टी इथल्या मसाल्याच्या बागा गेली कित्येक वर्षं विदेशी पाहुण्यांना माडा-पोफळींतून फिरवत आल्या आहेत. पण तिथे पाहुणा बघतो, हुंगतो, केळीच्या पानावर जेवतो आणि निघताना वेलचीचं पाकीट विकत घेतो. तोडत काही नाही. तोडणार तरी काय? नारळ पाडायला पाडेली लागतो आणि मिरीच्या वेलीपाशी शिडी लावून पाहुण्याला चढवायची हिंमत कोणाची?

गिऱ्हाइकाने थेट पिकापाशी यायची गोव्यातली जुनी रीत शोधायची तर मला काजू आणि कलिंगड आठवतात. काजूच्या डोंगरांची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. जो ती घेतो त्याचा त्या हंगामापुरता डोंगर. पण आमच्या लहानपणी शाळेतून येताना वाटेवर पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, उचलून खायला कोणी अडवत नसे. अट एकच, बी तिथेच टाकायची. खिशात बी सापडली तर मात्र कान पिळला जाई. पर्रा गावच्या कलिंगडांची गोष्ट तर आता गोव्याबाहेरही पोचली आहे. मनोहर पर्रीकरांच्या नावाने ती सांगतात. हंगामाच्या शेवटी गावातला शेतकरी पोरांना बोलावून सगळ्यांत मोठी, सगळ्यांत गोड कलिंगडं कापून द्यायचा. हवी तेवढी खा, फक्त बिया न चावता भांड्यात थुंका. त्या बिया पुढच्या वर्षीच्या पेरणीला. पुढे त्याच्या मुलाने हिशेब बदलला. मोठी फळं बाजारात आणि लहान पोरांच्या वाट्याला. काही वर्षांत पर्र्याची कलिंगडंच लहान झाली.

या दोन्ही रिवाजांत फळ खाणाऱ्याचं आणि बी पिकवणाऱ्याची. शेतात येणाऱ्या परक्याशी गोव्याच्या शेतकऱ्याचा हा जुना करार होता, आणि टोमॅटोपाशी येऊन तो मोडला. कसा, ते टोमॅटोच्याच गोष्टीत आहे.

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वताच्या बाजूचा, आणि माणसाळला मेक्सिकोत. तिथल्या नाहुआतल भाषेतल्या शब्दावरून पोर्तुगीजांचा ‘तोमाते’ झाला, त्यावरून कोंकणीत ‘तोमात’. जुन्या मराठीत त्याला वेलवांगं किंवा बेलवांगी म्हणत. माझ्या आजीच्या तोंडी बेलवांगीच होतं. पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची आणि काजू इथे असे मुरले की ते परके होते हे कोणाला खरं वाटत नाही. खोला आणि हरमलच्या मिरचीला आज भौगोलिक मानांकन आहे. टोमॅटोला मात्र तसा उंबरठा ओलांडता आला नाही. आंबटासाठी आपल्याकडे आमसुलं, चिंच, बिंबलं, आंबाडे, कैरी एवढी मंडळी आधीच हजर होती. माशाच्या हुमणाला टोमॅटोची गरज कधी पडलीच नाही. कित्येक हिंदू घरांत नैवेद्याच्या आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात तो आजही चालत नाही. आजी तर बेलवांगी आणलेली पिशवी चतुर्थीच्या दिवसांत मागल्या दारीच ठेवायला लावी.

मागणी आली ती पावभाजी, सलाद, ऑम्लेट आणि उत्तरेकडच्या रश्शांबरोबर, आणि मागणीबरोबर माल आला घाटावरून. गोव्याची भाजी बेळगावची, हे इतकं अंगवळणी पडलंय की पावसात चोर्ला घाटात दरड कोसळली की पणजीतल्या बाया आधी टोमॅटोचा भाव विचारतात. हे परावलंबन जुनं आहे. १९५५ च्या सुमारास भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा इथल्या सरकारने बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि तांदूळ-भाजीपाला चक्क पाकिस्तानातून आणवला. घाट दीडेक तासावर असताना भाजी बोटीने येत होती! १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, घाट पुन्हा उघडला आणि धडा विसरला गेला. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा तो परत शिकावा लागला. त्या दिवसांत आमच्या वाड्यावरची माणसं कुठल्या शेतात काय आहे याची चौकशी करत स्कूटरने फिरत होती. मेरेवर जाऊन भाजी आणायची सवय अनेकांना तेव्हाच लागली. मलाही.

मग गोव्यात टोमॅटो पिकतच नव्हता का? पिकत होता, पण पोरसात, घराच्या मागे, कळशीने पाणी घालून. सरदी, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की ओलाव्याच्या शेतांत वांगी, मिरची, मुळा, लाल भाजी, नवलकोल लागायचं. ताळगाव आणि आगशीच्या वांग्यांचं नाव उगाच झालं नाही, आगशीच्या वांग्यांनाही आता मानांकन आहे. टोमॅटो या मंडळींत कायम बुजल्यासारखा राहिला आणि त्याचं कारण मातीत आहे. इथली जांभी माती आम्लधर्मी, हवा दमट. मर रोगाच्या जिवाणूला याहून चांगलं घर नाही. सकाळी टवटवीत दिसणारं झाड दुपारी मान टाकतं, पाने हिरवी असतानाच, आणि दोन-तीन दिवसांत संपतं. त्याचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं तर दुधासारखी धार खाली उतरताना दिसते. शेतकरी ओळखतो ती खूण हीच. वांग्याला तो रोग आहेच, टोमॅटोला जास्त.

दुसरी अडचण गारव्याची. टोमॅटोचं फूल फळात बदलायला रात्र गार हवी, वीस अंशांच्या खाली असेल तर उत्तम. ती गोव्यात मिळते ती डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर फुलं गळतात आणि जी फळं धरतात ती लाल न होता पिवळट राहतात. जूनपासून तर शेतात पाणीच. म्हणूनच जुलै २०२३ मध्ये देशभर टोमॅटो शंभरीच्या पुढे गेला तेव्हा ‘गोव्याने स्वतःचा टोमॅटो पिकवावा’ असे जे सल्ले निघाले, ते ऐकून शेतकरी हसले असतील. जुलैत इथे गुडघाभर चिखलात भाताची लावणी चालू असते.

मर रोगावर उत्तरं आली ती गेल्या काही दशकांत. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्राची किनारी शेती संशोधन संस्था आहे. वांगी-टोमॅटोची मर हा तिथला नेहमीचा विषय. रानवांग्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम बांधायचं, म्हणजे मुळं रोगाला दाद देत नाहीत आणि वर फळ आपल्याला हवं ते येतं, ही युक्ती आता रोपवाटिकांत रुळते आहे. बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण मर, करपा आणि पानं गुंडाळणारा विषाणू या तिघांशी झुंजतो. त्याच्या जोडीला ठिबक, मल्चिंगचा कागद आणि तिळारीच्या कालव्याचं पाणी आलं. पेडण्यात जिथे दिवाळीनंतर शेत ओसाड पडायचं तिथे गादीवाफे दिसू लागले.

पण पीक आलं तरी ते तोडणार कोण? गोव्यातल्या शेतीचं दुखणं खरं तर इथे आहे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमीन दिली. ते व्हायलाच हवं होतं. पण पुढच्या पिढ्यांत वाटण्या होऊन अनेकांच्या वाट्याला तुकडे आले. दीड-दोन हजार चौरस मीटरच्या तुकड्यात टेम्पो भरेल एवढा माल एका दिवशी निघत नाही. निघाला तरी टोमॅटोची तोडणी एकदा करून संपत नाही, दोन-तीन दिवसांआड दीड-दोन महिने चालते. घरची पोरं नोकरीवर, मजूर बांधकामांवर. फलोत्पादन महामंडळ भाजी घेतं, ठरलेल्या दराने, पण तिथपर्यंत ती तोडून, निवडून, क्रेटमध्ये भरून न्यायची कोणीतरी.

अमेरिकेतल्या शेतकऱ्याला भावाने कोंडलं होतं, आपल्याला हातांनी कोंडलं. वाट मात्र तीच निघाली. तोडणीला येणारा माणूस स्वतःचं पेट्रोल जाळून येतो, मजुरी मागत नाही, उलट पैसे देऊन जातो. शिवाय आडत नाही, वाहतूक नाही, क्रेटमध्ये तळाला चिरडणारा माल नाही. आणि गिऱ्हाइकाचा फायदा असा की ट्रकने जाणारा टोमॅटो हिरवा-गुलाबी असतानाच तोडावा लागतो, नाहीतर वाटेत रस सुटतो. शेतात तुम्ही झाडावर लाल झालेलाच तोडता. घरी येऊन कापला की फरक जिभेला लगेच कळतो.

शेतकऱ्याचा तोटाही आहे, आणि तो फोटोंत येत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फळ धरून ओढलं. फळ निघालं, त्याबरोबर अख्खी फांदी, तिच्यावर सहा हिरवे टोमॅटो आणि एक फुलांचा घोस. मेरेवरच्या काकी ओरडल्या नाहीत. उठून आल्या आणि म्हणाल्या, “ओडूं नाका बाय, गांठीर मोडात.” फळाच्या देठावर बोटाच्या पेरासारखी एक गाठ असते. अंगठा तिच्यावर दाबून फळ जरा वर उचललं की टक्‌कन मोडतं, हिरवी टोपी फळावरच राहते. तासाभरात माझी बोटं हिरवी-काळी झाली होती. टोमॅटोच्या झाडाचा तो चिकट, उग्र वासाचा डाग साबणाने जात नाही, टोमॅटोच्याच रसाने जातो, हेही काकींनीच सांगितलं. मी मोडलेल्या फांदीवरचे सहा हिरवे टोमॅटो त्यांनी वजनात धरले. बरोबरच केलं. घरी त्यांची चटणी झाली.

तर तो करार. संकरित टोमॅटोची बी राखून उपयोग नसतो, पुढच्या पिढीत एक झाड एका तऱ्हेचं तर दुसरं दुसऱ्याच. दरवर्षी पाकीट नाहीतर रोपं विकत आणायची. म्हणजे आता येणाऱ्याला ‘बी ठेवून जा’ म्हणण्यात अर्थ उरला नाही. शेतकऱ्याला त्याच्याकडून हवी ती एका सकाळची मेहनत, आणि ती तो पाहुण्याकडून हसतखेळत वसूल करतो. पर्र्याच्या पोरांनी बी थुंकून जे दिलं, ते आम्ही कंबर वाकवून देतो.

काकींच्या वाफ्याच्या टोकाला मात्र चार झाडं वेगळी होती. बांबू नाही, सुतळी नाही, जमिनीवर पसरलेली. फळं बसकी, खोल घड्या पडलेली, सालीला चिरा गेलेली. गावठी. गोव्यात हा शब्द शिवी नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याला दोन पैसे जास्तच मिळतात. माझी भाची धावत तिकडे गेली, तशी काकींनी पहिल्यांदाच आवाज चढवला. तिथलं एकही फळ विकायचं नव्हतं. त्यातली सगळ्यांत मोठी दोन पूर्ण पिकून मऊ होईपर्यंत झाडावर राहणार होती. मग बिया राखेत घोळवून केळीच्या सोपावर वाळवायच्या आणि चुलीमागच्या फळीवर ठेवायच्या. भाचीचं तोंड पडलेलं पाहून त्यांनी बाजूचं एक लहान फळ तोडून तिच्या हातावर ठेवलं. “खा,” म्हणाल्या, “पण बियो हांगाच उडय.”